दुखणं उचल खातं तेव्हा

गौरी-गणपती आटोपले की घरोघरी गुडघे कुरकुरायला लागतात. एरवी नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडून येणाऱ्या आजी चार दिवस पाटावर बसून मोदक वळतात, पूजेला उठबस करतात, माळ्यावरची पितळी भांडी खाली काढतात. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पलंगावरून पाय खाली टेकवताच कळ थेट मस्तकात जाते. गुडघा सुजलेला, किंचित गरम. धड वाकत नाही, धड सरळ होत नाही. शेजारीपाजारी निदान करून मोकळे होतात : ‘‘वंगण संपलं. आता वाटी बदलायची.’’

वंगण संपलेलं नसतं. उलट सुजलेल्या गुडघ्यात ते नेहमीपेक्षा जास्त साठलेलं असतं. सांध्याच्या आतल्या अस्तराचा दाह झाला की ते जादा द्रव सोडतं. हा द्रव पातळ असतो, त्यातलं हायल्युरोनिक आम्ल विरळ झालेलं असतं, एवढंच. या दुखण्यामागचा आजार, ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे निव्वळ झीज, असं वैद्यकातही बरीच वर्षं मानलं जाई. आता तो अख्ख्या सांध्याचा आजार समजतात. कूर्चा, तिच्याखालचं हाड, अस्तर, अस्थिबंध, भोवतालचे स्नायू असे सगळेच त्यात ओढले जातात.

कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत, पांढुरकं आवरण. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. म्हणजे झिजणारी कूर्चा स्वतः दुखत नाही. दुखतं ते तिच्याखालचं हाड आणि सुजलेलं अस्तर. म्हणूनच एक्स-रे आणि वेदना यांचा मेळ बसतोच असं नाही. फोटो पाहून डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडाव्यात, असा एखादा माणूस आरामात पर्वती चढून येतो, तर जवळपास स्वच्छ फोटोवाल्याला एक जिना नकोसा होतो. रक्तपुरवठा नसल्यानं कूर्चेचं पोषण सांध्यातल्या द्रवावर चालतं, आणि तेही हालचालीच्या जोरावर. पाऊल पडलं की ती स्पंजासारखी दाबली जाते, पाऊल उचललं की द्रव शोषून घेते. पडून राहणाऱ्याच्या गुडघ्यात ही ये-जा मंदावते.

दुखण्यानं उचल खाल्ली म्हणजे रातोरात कूर्चा घासून गेली, असं नव्हे. बहुतेकदा सवयीपेक्षा जास्त भार पडल्यानं चिडलेला सांधा काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत शांत होतो. या काळात माणसं दोन टोकं गाठतात. काही जण अंथरूण धरतात. मग मांडीचा पुढचा स्नायू झपाट्यानं रोडावतो आणि गुडघ्याचा आधारच जातो. दुसरे दात-ओठ खाऊन सगळी कामं रेटतात, एक दिवस बरं वाटलं की आठवड्याची कामं उरकतात आणि पुन्हा आडवे होतात. दुसरी तऱ्हा आपल्याकडच्या बायकांची विशेष, कारण सणाच्या स्वयंपाकाला आजारपणाची रजा नसते.

यातला मधला मार्ग साधाच आहे. मांडी घालणं, उकिडवं बसणं, जिने आणि ओझी काही दिवस बंद. घरातल्या घरात थोडंथोडं चालणं मात्र चालू. पलंगावर पाय लांब करून बसा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि मांडी आवळून ती खाली दाबा. वाटी मांडीच्या दिशेनं किंचित वर सरकताना दिसली की स्नायू कामाला लागला. पाच आकडे मोजून सोडा, असं दहादा. व्यायामानं थोडं दुखलं तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशीही दुखणं वाढलेलंच राहिलं, तर प्रमाण कमी करा. गरम, सुजलेल्या गुडघ्याला कापडात गुंडाळलेला बर्फ बरा वाटतो, आखडलेल्याला शेक. डायक्लोफेनॅकचं जेल गुडघ्यावर चांगलं काम करतं. त्याच जातीच्या गोळ्या मात्र मूत्रपिंड, हृदय किंवा अल्सरचा त्रास असणाऱ्यांनी दुकानातून परस्पर आणू नयेत. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. सिनेमातले आजोबा हमखास चुकतात ते इथेच. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा.

दोन भडक्यांमधला काळ खरा मोलाचा, आणि तिथे वजनाचा हिशेब मोठा आहे. २००५ साली अमेरिकेत स्थूल गुडघेरुग्णांच्या चालण्याची मोजमापं झाली. एक किलो वजन उतरलं, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असं त्यात दिसलं. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिनच्या गोळ्यांवर आपण बराच पैसा ओततो. पण २००६च्या दीड हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत त्या एकंदरीत बनावट गोळ्यांपेक्षा सरस ठरल्या नाहीत. दुर्बिणीनं गुडघा ‘साफ’ करण्याची कथा तर आणखी मजेदार. ह्यूस्टनमध्ये १८० रुग्णांपैकी काहींना खरी शस्त्रक्रिया मिळाली, काहींच्या कातडीवर नुसते छेद देऊन टाके घातले. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या वेदना सारख्याच होत्या. हा निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाला.

सांधाबदल हा चांगला उपाय आहे, पण तो शेवटचा. व्यायाम आणि औषधं करूनही रात्रीची झोप उडाली, चालणं घरापुरतं उरलं, की त्याचा विचार करावा. ऑगस्ट २०१७पासून आपल्याकडे कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर सरकारी मर्यादा आली आहे. रुग्णालयाचं अंदाजपत्रक हातात आलं की त्यातली इम्प्लांटची किंमत वेगळी विचारून घ्या.

आणि एक ध्यानात ठेवा. एकच गुडघा अचानक लालभडक होऊन तापला, पाय टेकवेना आणि अंगात तापही भरला, तर तो नेहमीचा भडका समजू नका. सांध्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. शेक-बर्फ करत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.