भिंतीचा रंग कुणाचा?
(जपानच्या आधुनिक वास्तुकलेतील रंगविचार)

जपानी घर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर न रंगवलेले घर उभे राहते. उघडे लाकूड, कागदी सरकते दरवाजे, गवती चटया. तेथील आधुनिक इमारतींची छायाचित्रे चाळली तरी उघडे काँक्रीट, काच आणि पांढऱ्या भिंतीच अधिक दिसतात. यावरून जपानी माणसाला रंगाचे वावडे आहे, असा समज सहज होतो. हा समज कितपत खरा आहे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

माझ्यापुरता हा प्रश्न केवळ माहितीचा नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आमच्याकडे दिवाळीच्या तोंडावर आई चुन्यात नीळ घालून भिंतींना हात देते आणि दाराला हिरवागार ऑइलपेंट लागतो. शहरात आल्यावर समजले, की अशा रंगांना 'भडक' म्हणतात आणि फिक्या रंगांना 'अभिरुची'. अभिरुचीचा विषय निघाला की ज्या देशाचे नाव हमखास घेतले जाते, तेथे रंगाचे स्थान काय, हे म्हणूनच शोधावेसे वाटले.

इतिहासात डोकावले तर तेथे दोन प्रवाह दिसतात. दर वीस वर्षांनी नव्याने बांधले जाणारे इसे येथील देवस्थान बिनरंगाच्या लाकडाचे आहे. उलट बौद्ध धर्माबरोबर शेंदरी खांबांची मंदिरे आली. सतराव्या शतकात क्योटोजवळ कात्सुराचा साधा राजवाडा उभा राहिला. त्याच शतकात निक्कोचे तोशोगू देवस्थान सोन्याने आणि रंगांनी मढवले गेले. १९३३ साली जपानला आलेल्या ब्रूनो टाउट या जर्मन वास्तुशिल्पज्ञाने कात्सुराचा गौरव केला आणि निक्कोला नाक मुरडले. जपानी सौंदर्य म्हणजे साधेपणा, हे समीकरण जगभर रुजण्यात त्याच्या लेखनाचा वाटा मोठा आहे. गंमत अशी, की याच टाउटने बर्लिनमधील फाल्केनबर्ग वसाहतीला इतके ठळक रंग दिले होते, की लोक तिला 'रंगपेटी' म्हणत!

पण साधेपणा म्हणजे रंगाचा अभाव काय? ओसाकाजवळच्या इबाराकी गावात तादाओ आंदो यांनी १९८९ साली 'प्रकाशाचे चर्च' बांधले. भिंती उघड्या काँक्रीटच्या. वेदीमागच्या भिंतीत क्रूसाच्या आकाराची फट ठेवली आहे आणि तिच्यातून उजेड आत येतो. ऊन जसे फिरते, तशी करड्या भिंतीची छटा पालटते. येथे रंग देण्याचे काम वास्तुशिल्पज्ञाने सूर्याकडे सोपवले आहे, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

किशो कुरोकावा यांनी तर राखाडी रंगाचेच तत्त्वज्ञान मांडले. सोळाव्या शतकातील चहाविधीचे आचार्य सेन नो रिक्यू यांच्या नावाने एक राखाडी छटा ओळखली जाते: 'रिक्यू-नेझुमी'. नेझुमी म्हणजे उंदीर. कुरोकावांच्या मते हा राखाडी केवळ काळ्या-पांढऱ्याची भेसळ नव्हे. परस्परविरोधी रंग एकमेकांत मिसळून शांत झाले, की तो उरतो.

दुसरा प्रवाहही आटलेला नाही. तोक्योच्या मिताका उपनगरात आराकावा आणि मॅडेलिन गिन्स यांनी २००५ साली नऊ घरांची इमारत उभारली. आतबाहेर गर्द रंग, जमीनसुद्धा उंचसखल! राहणाऱ्याचे शरीर सतत जागे राहावे, हा त्यामागील हेतू. १९९६ पासून तोक्योत राहणाऱ्या फ्रेंच वास्तुशिल्पज्ञ एमॅन्युएल मूरो यांनी 'शिकिरी', म्हणजे आडोसा, ही जुनी कल्पना घेतली. जुन्या घरात सरकते पडदे जागा विभागत. मूरो तेच काम रंगांच्या थरांकडून करवून घेतात.

आणि अखेर वाद न्यायालयातही गेला. कार्टूनकथाकार काझुओ उमेझू यांनी किचिजोजी भागात आपल्या घराला लाल-पांढरे पट्टे दिले. २००७ साली शेजाऱ्यांनी दावा लावला. घर लक्ष वेधून घेते खरे, पण त्यामुळे परिसराची संगती बिघडते असे म्हणता येत नाही, असे ठरवून तोक्योच्या न्यायालयाने २००९ साली तो फेटाळला. त्या भागात बाहेरील रंगांविषयी नियम नव्हता. योगायोग असा, की २००७ मध्येच क्योटो शहराने इमारती व फलकांच्या रंगांवर कडक बंधने घातली.

म्हणजे जपानचा असा एक रंग नाही. भिंत कोरी ठेवणे हीदेखील निवड आहे आणि ती गर्द रंगवणे हीदेखील. भिंत आत राहणाऱ्याची. पण रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ती रोज पाहावी लागते. या दोघांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न जपानने नियमांनी, न्यायालयात आणि प्रत्यक्ष बांधून विचारला आहे. रंगाला नाव ठेवण्यापूर्वी तो तेथे काय काम करतो, एवढे तरी आपण विचारावे, असे मला नम्रपणे वाटते.

— द्वितीय वर्ष, कला शाखा