डोंग्यात अंथरायला चटई कोणती घ्यावी?

ताईंनो, मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणावर किंवा महानच्या काटेपूर्णा धरणावर ज्यांच्या घरचे मासेमारीला जातात, त्यांना हे वेगळं सांगायला नको. डोंग्याचा तळ कधी कोरडा राहत नाही. जाळ्याचं पाणी, चिखल, माशांचा चिकटपणा. पाय घसरला की माणूस सरळ पाण्यात. म्हणून खाली काहीतरी अंथरावंच लागतं.

बरेच जण घरातलं जुनं बारदान टाकतात. पण ते तागाचं. ताग पाणी पितो, सतत ओला राहिला की कुजतो. अंबाडीचंही तसंच. केकताडाचा दोर मजबूत खरा, पण तोही पाणी धरतो आणि वाळायला वेळ घेतो. शिंदीची चटई घरात छान. ओल्या पायाला मात्र ती गुळगुळीत लागते.

अशा जागी काथ्याच बरा. केरळात नारळाची सोडणं कितीतरी महिने पाण्यात भिजवतात. मऊ भाग सडून जातो, धागा शाबूत राहतो. कारण काथ्यात लिग्निन नावाचा लाकडासारखा कडक पदार्थ भरपूर असतो. ताग-अंबाडीत तो बराच कमी. शिवाय काथ्या खरखरीत, पायाला धरतो.

घेताना एवढं पाहा :

१. वीण मोकळी हवी, म्हणजे पाणी खाली निथळतं.

२. मागे रबर लावलेली चटई नको. पाणी अडकतं आणि खालचं लाकूड कुजतं.

३. एक धागा काढून जपून जाळा. राख झाली तर काथ्या. वितळून गोळी झाली तर प्लास्टिक.

४. कडा शिवलेल्या हव्यात, नाहीतर चटई उसवते.

चटई चिकटवू नका, खिळेही मारू नका. चारही कोपरे दोरीनं बांधा, म्हणजे ती सरकणार नाही आणि काढताही येईल. रोज घरी आल्यावर झटकून, धुऊन उन्हात उभी करा. काथ्या टिकतो, पण रात्रंदिवस ओला ठेवला तर तोही कधीतरी जातोच.

आणि एक लक्षात ठेवा, चटई घसरणं थांबवते, बुडणं नाही. लाइफ जॅकेट लागतंच.

गटाच्या पैशातून घ्यायची असेल तर आधी एकच चटई आणा, एक पावसाळा वापरून बघा आणि मग बैठकीत ठराव घ्या. नाहीतर पैसे पाण्यात जातील, तेही अक्षरशः!