दाराला लावलेला दगड

विद्यार्थी मित्रांनो, ‘परकीय भांडवल’ आणि ‘नैसर्गिक संपत्तीवरील ताबा’ हे शब्द तुम्ही वर्तमानपत्रांत वाचता. त्यांचा अर्थ एका दगडावरून समजून घेऊ या.

सन १८९९. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात एका व्यापारी कंपनीच्या कचेरीत दार मिटू नये म्हणून एक दगड लावून ठेवला होता. ते अश्मीभूत लाकूड असावे, अशी सर्वांची समजूत होती. आल्बर्ट एलिस या कर्मचाऱ्याने त्याचे रासायनिक परीक्षण करून पाहिले. तो निघाला उत्तम प्रतीचा फॉस्फेट खडक! आला होता प्रशांत महासागरातील नाऊरू बेटावरून.

पिकांना नत्र, स्फुरद व पालाश लागतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. फॉस्फेट खडकात स्फुरद असते; पण ते पाण्यात सहजासहजी विरघळत नाही, म्हणून मुळांना मिळत नाही. खडकाची पूड करून तिच्यावर गंधकाम्लाची क्रिया केली, की सुपरफॉस्फेट हे खत तयार होते. ऑस्ट्रेलियातील बऱ्याच जमिनींत स्फुरद कमी. साहजिकच या खडकाला मोठी मागणी आली.

नाऊरूचे क्षेत्रफळ अवघे २१ चौरस किलोमीटर. त्या वेळी बेटावर जर्मनीचा अंमल होता. १९०७ च्या सुमारास एका ब्रिटिश कंपनीने तेथून खडक काढण्यास प्रारंभ केला. बेटवासीयांना मिळे टनामागे अर्धा पेनी! पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांनी हा धंदा आपल्या हाती घेतला. त्यांचे वाटे अनुक्रमे ४२, ४२ व १६ टक्के होते.

आता जरा विचार करा. विकणारे तेच आणि विकत घेणारेही तेच. मग भाव कसा ठरेल? खडक जागतिक बाजारभावाने नव्हे, तर जवळजवळ उत्पादनखर्चातच त्यांच्या शेतकऱ्यांना मिळू लागला. दोन भावांतील फरक नाऊरूचा होता. तो मात्र कोणत्याच वहीत तोटा म्हणून दिसला नाही.

३१ जानेवारी १९६८ रोजी नाऊरू स्वतंत्र झाला. खाणकामाची यंत्रसामग्री व इतर मालमत्ता त्याने २ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरना विकत घेतली आणि १९७० मध्ये कारभार हाती घेतला. पैसा आला, पण खडक उपसलेल्या मधल्या पठारावर प्रवाळी चुनखडीचे उंच सुळकेच उरले होते. तेथे ना शेती करता येई, ना घर बांधता येई. १९८९ मध्ये नाऊरूने ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. १९९३ मध्ये तडजोड होऊन १० कोटी ७० लाख डॉलर देण्याचे ऑस्ट्रेलियाने मान्य केले.

गोष्ट येथे संपत नाही. पुढच्या पिढ्यांसाठी साठवलेला निधी परदेशांतील फसलेल्या गुंतवणुकींत बराचसा बुडाला. म्हणजे ताबा आपल्या हाती येणे आवश्यक, पण तेवढेच पुरेसे नाही. पीक दरवर्षी येते. खडक एकदाच निघतो. म्हणून भूगोलाच्या पुस्तकात खनिजांचा तक्ता पाहाल तेव्हा स्वतःला विचारा : याचा भाव कोण ठरवतो, आणि खाण संपल्यावर तेथील माणसांच्या हाती काय उरते?