जुन्या नकाशांतील शहापूर-मुरबाड

आमच्या कित्येक वाचकांच्या घरीं जुन्या पेटींत, कापडावर चिकटविलेला एखादा घडीचा नकाशा पडून असेल. सर्व्हे ऑफ इंडियाचा, एका इंचास एक मैल या प्रमाणाचा. पुढें मैल-फूट जाऊन मीटर आले व हीं पत्रकें अडगळींत गेलीं. ठाणें जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड हे तालुके ज्यांत येतात तीं ४७ ई क्रमांकाचीं पत्रकें आम्हीं नुकतींच पुन्हां उलगडलीं.

प्रथम डोळ्यांत भरतात त्या तपकिरी रेषा. सारख्या उंचीचीं स्थळें जोडणाऱ्या या रेषा जेथें विरळ, तेथें भातखाचरांचा सपाट मुलूख. जेथें त्या एकमेकींस भिडून काळोख करतात, तेथें सह्याद्रीचा कडा उभा. सुमारें २८०० फुटांचा माहुलीगड, मुरबाडकडील गोरखगड व मच्छिंद्रगड मुलांस घरबसल्या ओळखतां येतात. पावसाळी रविवारास याहून चांगला उद्योग आम्हांस तरी ठाऊक नाहीं!

तानसा तलाव १८९२ मध्यें पुरा झाला, म्हणून त्याची निळाई येथें आहे. भातसा मात्र नुसती एक वळणदार निळी रेघ. तिच्या कांठच्या ज्या खाचरांवर पुढें धरणाचें पाणी चढलें, तीं येथें अद्याप कोरडीं आहेत. मुंबईच्या गृहिणीनें नळ सोडतांना हें एकदां आठवावें.

आतां हिरव्या रंगाविषयीं. राखीव जंगलाच्या हद्दीच्या आंत-बाहेर ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांचे पाडे आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं झालेल्या २००८ च्या नियमांत पुराव्यांमध्यें नकाशेही गणले आहेत. त्यामुळें जुन्या पत्रकावरील झोंपड्यांच्या चार खुणा एखाद्या कुटुंबाच्या जमिनीस आधार होऊं शकतात. परंतु येथें एक सावधगिरी हवी. मोजणीदार पावसाळा सरल्यावर रानांत शिरत. आणि नेमक्या त्याच महिन्यांत कातकरी कोळशाच्या भट्ट्यांवर वा मजुरीस दूर गेलेले असत. रिकाम्या झोंपडीची खूण कोण करणार? म्हणून पाडा होता हें नकाशावरून दाखवितां येईल. नव्हता हें मात्र त्यावरून कोणीं ठरवूं नये.

ज्यांच्या पेटींत असें पत्रक असेल त्यांनीं तें रद्दींत घालूं नये. त्याची एक प्रत तेथील ग्रामसभेकडे पोंचवावी. दावे प्रथम तिच्यापुढेंच येतात.