सोपाऱ्याचा पश्चिम शेजार: पूर्व आफ्रिकेच्या वंशकथेचा आढावा

नालासोपाऱ्याच्या बुरुड राजाच्या कोटात पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली स्तूप उकरून काढला, ही हकिगत वसई-विरारकरांना पाठ आहे. अशोकाचे शिलालेख, बुद्धाचा संबंध, शूर्पारक या सोपाऱ्याच्या जुन्या नावाची कीर्ती हे सगळे आपण अभिमानाने सांगतो. पण सोपाऱ्याचे बंदर समुद्राकडे तोंड करून होते आणि त्याच्या पलीकडच्या तीरावर आफ्रिका होती, हे आपल्या बोलण्यात येत नाही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक वृत्तांतात सोपाऱ्याचे नाव आहे, तसा पूर्व आफ्रिकेचा किनाराही आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून तांदूळ, तूप, तिळाचे तेल आणि सुती कापड तिकडच्या बंदरांत उतरत असे. हिवाळ्यातल्या ईशान्य वाऱ्यावर जहाजे जात आणि नैर्ऋत्य वाऱ्यावर परत येत. पालघरच्या पाड्यांवर पिकणारी नाचणीसुद्धा मूळची इथिओपिया-युगांडाच्या डोंगरांतलीच.

त्या किनाऱ्यावरची माणसे कोण होती, याचे उत्तर गेल्या दहा-बारा वर्षांत हाडांतून मिळू लागले आहे. उष्ण हवेत डीएनए लवकर नासतो, म्हणून आफ्रिकेकडून फारशी आशा नव्हती. इथिओपियातल्या मोटा गुहेत २०१२ साली साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका पुरुषाचा सांगाडा मिळाला. उंचावरच्या थंड गुहेत तो टिकला होता. कानाच्या आतल्या भागाला वेढणारे हाड शरीरात सर्वांत घट्ट असते. त्या हाडातून या पुरुषाचा जवळजवळ संपूर्ण डीएनए वाचता आला. हा माणूस आजच्या इथिओपियातल्या आरी लोकांच्या सर्वांत जवळचा निघाला. ही माहिती देणाऱ्या निबंधातच पश्चिम आशियातून आलेल्या रक्ताची छाप साऱ्या आफ्रिकेवर पसरल्याचेही म्हटले होते. पुढे आकडेमोडीतली चूक सापडली आणि काही महिन्यांतच, २०१६ साली, संशोधकांनी ते विधान जाहीरपणे मागे घेतले. मला या प्रकरणातला हा भाग फार मोलाचा वाटतो. वंशाच्या गोष्टी सांगणाऱ्या शास्त्राकडे इतका प्रामाणिकपणा असायलाच हवा.

पुढचे चित्र भराभर उलगडले. टांझानियातल्या लुक्समांडा इथल्या सुमारे ३१०० वर्षांपूर्वीच्या एका गुरे पाळणाऱ्या समाजातल्या व्यक्तीत ३८ टक्के वारसा पश्चिम आशियातल्या आद्य शेतकऱ्यांशी जुळणारा आढळला. केनिया-टांझानियातल्या ४१ जणांच्या अभ्यासातून २०१९ साली दिसले की गुरेचारी उत्तरेकडून टप्प्याटप्प्याने उतरले आणि मूळच्या शिकाऱ्यांत मिसळत गेले. त्यामागून पश्चिमेकडून बांटू भाषा बोलणारे शेतकरी आले.

आपल्याला जवळचा वाटावा असा निबंध मात्र मार्च २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. पुराविद चापुरुखा कुसिम्बा आणि जनुकशास्त्रज्ञ डेव्हिड राइख यांच्या चमूने पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मट्वापा, मांडा, किल्वा अशा स्वाहिली नगरांतल्या ८० जणांचा डीएनए तपासला. इराणातल्या शिराझहून आलेल्या राजपुत्रांनी ही शहरे वसवली, असे स्वाहिली घराणी पिढ्यान्‌पिढ्या सांगत. वसाहतकाळातल्या अभ्यासकांनी त्यावरून ही संस्कृतीच परकी ठरवली, नंतरच्यांनी ती सगळी दंतकथा म्हणून झटकली. डीएनएने दोघांनाही थांबवले. इ. स. १००० च्या सुमारास इराणी पुरुष आणि आफ्रिकन स्त्रिया यांची कुटुंबे इथे जुळली होती. आईकडून येणारा वारसा बहुतेक आफ्रिकन, बापाकडून येणारा बराचसा आशियाई. आशियाई वाट्यात भारताचाही थोडा अंश आहे. पण घरात भाषा राहिली ती स्वाहिलीच, म्हणजे आईची. परक्यांनी शहरे वसवली, हा जुना सिद्धांत मला इथेच कोसळलेला दिसतो.

उलट दिशेने आलेली माणसे आपल्या ओळखीची आहेत. मलिक अंबर इथिओपियाचा. जंजिऱ्याच्या सिद्दींचे, म्हणजे आफ्रिकन वंशाच्या घराण्याचे, राज्य १९४८ पर्यंत टिकले. पण हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेने २०११ साली कर्नाटक आणि गुजरातच्या सिद्दींचा डीएनए तपासला, तेव्हा त्यांचे मुख्य नाते इथिओपियाशी नव्हे, तर बांटूभाषी पूर्व आफ्रिकेशी निघाले. सोबत भारतीय आणि थोडा युरोपीय अंशही मिळाला. यामागे पोर्तुगीजांचा गुलामांचा व्यापार आहे. १५३४ ते १७३९ वसईवर त्यांचे राज्य होते आणि मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातून चाले. वसईच्या कोटातल्या पोर्तुगीज वाड्यांतही आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबले. किल्ला पाहायला येणाऱ्यांना चर्च आणि बुरूज दाखवतात, चिमाजी अप्पांचा विजय सांगतात. या माणसांबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. ते सांगायलाच हवे, कारण अशा गुलामांचे वंशज आज याच देशाचे नागरिक आहेत आणि यल्लापूर-हल्याळकडचे सिद्दी आपल्या शेजारची कोकणी बोलतात.

किल्वा-मट्वापाचा इतिहास बोलू लागला, कारण तिथल्या लोकांनी जुन्या कबरी आणि टेकाडे राखली आणि संशोधकांनी त्यांना विश्वासात घेतले. आपल्याकडे मात्र सोपारा, निर्मळ, गास, भुईगावच्या परिसरात आज जागोजागी इमारतींचे पाये खणले जात आहेत. खणताना जुनी खापरे, मणी, नाणी किंवा हाडे निघाली तर ती भरावात ढकलू नका. काम थांबवा, जागेचा फोटो काढा आणि तहसीलदार कार्यालयाला व पुरातत्त्व विभागाला त्याच दिवशी कळवा.