सन्मान्य पदवी आणि ‘फेलो’पद : अर्थ, कार्यपद्धती व मर्यादा

विद्यापीठाची पदवी ही सामान्यतः परीक्षेची किंवा प्रबंधाची फलश्रुती असते. विद्यार्थ्याने अभ्यासक्रम पुरा करावा, परीक्षकांनी त्याचे मूल्यमापन करावे आणि विद्यापीठाने त्यावर शिक्कामोर्तब करावे, असा तिचा क्रम आहे. सन्मान्य पदवीस हा क्रम लागू पडत नाही. तेथे कोणी उमेदवार नसतो, प्रबंध नसतो आणि परीक्षकही नसतात. तेथे कसोटी लागते ती विद्यापीठाच्या विवेकाची. म्हणूनच हा अधिकार कोणा एका व्यक्तीच्या किंवा मंडळाच्या मर्जीवर सोपविण्यात आलेला नाही.

कोपर, डोंबिवली, कल्याण व ठाणे हा परिसर ज्याच्या कार्यक्षेत्रात येतो त्या मुंबई विद्यापीठाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १८५७ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ प्रारंभी मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था होते. १८८४ च्या अधिनियमाने कलकत्ता, मद्रास व मुंबई या विद्यापीठांना कायद्याच्या शाखेतील ‘डॉक्टर’ (एल्‌एल्‌. डी.) ही सन्मान्य पदवी देण्याची मुभा मिळाली. पुढे १९०४ च्या भारतीय विद्यापीठ अधिनियमाने कार्यपद्धती निश्चित केली. कुलगुरू आणि सिंडिकेटचे किमान दोन-तृतीयांश अन्य सभासद यांनी शिफारस करावी, सिनेटच्या सभेस उपस्थित असलेल्या फेलोंपैकी किमान दोन-तृतीयांशांनी तिला पाठिंबा द्यावा आणि कुलपतींनी ती कायम करावी, अशा तीन पायऱ्या तीत होत्या. व्यक्तीचे उच्च स्थान व विद्वत्ता ही पात्रतेची गमके मानली गेली. याच वर्षी मुंबई विद्यापीठाने डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना एल्‌एल्‌. डी. ही पदवी अर्पण केली. भांडारकर हे याच विद्यापीठाच्या १८६२ मधील पहिल्या पदवीधरांपैकी एक होते. गटिंगेन विद्यापीठाने मात्र त्यांचा असाच गौरव १८८५ मध्येच केला होता.

आज लागू असलेल्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये हीच चौकट थोड्या फरकाने आढळते. सिंडिकेटच्या जागी व्यवस्थापन परिषद आणि सिनेटच्या जागी अधिसभा आली. दोन-तृतीयांश बहुमताची अट व कुलपतींच्या संमतीचे बंधन टिकून राहिले. गमकांत मात्र एक महत्त्वाची भर पडलेली दिसते, ती म्हणजे लोकसेवेची. विद्यापीठ समाजाकडे कोणत्या दृष्टीने पाहते, याचा हा पालट निदर्शक आहे.

‘फेलो’ या संज्ञेविषयी अधिक घोटाळा होतो, कारण महाराष्ट्रात ती निरनिराळ्या अर्थांनी वापरली गेली. १८५७ च्या रचनेत फेलो म्हणजे सिनेटचा सभासद. ती नियुक्ती पुष्कळदा तहहयात असे आणि मानमरातबाचाच भाग समजली जाई. १९०४ च्या अधिनियमाने सर्वसाधारण फेलोंची संख्या ५० ते १०० व मुदत ५ वर्षे ठरविली, तेव्हा या पदास प्रातिनिधिक व कामकाजी स्वरूप येऊ लागले. दुसरा अर्थ ‘दक्षिणा फेलो’चा. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या निधीतून पुढे महाविद्यालयांतील हुशार पदवीधरांना वेतन देण्यात येऊ लागले. हा सन्मान खरा, पण त्याबरोबर अध्ययन-अध्यापनाचे कर्तव्यही येई. आजच्या संशोधन-अधिछात्रवृत्तीचे ते पूर्वरूप म्हणता येईल. तिसरा अर्थ सन्मान्य फेलोचा : यात ना सभासदत्वाचा अधिकार, ना वेतन, केवळ संस्थेशी जोडले गेल्याचा गौरव.

अर्जित व सन्मान्य पदव्यांतील भेद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उदाहरणावरून स्पष्ट होतो. लंडनची डी. एस्‌सी. (१९२३) व कोलंबियाची पीएच्‌. डी. (१९२७) या त्यांनी प्रबंध लिहून मिळविलेल्या पदव्या, कोलंबियाची एल्‌एल्‌. डी. (१९५२) व उस्मानिया विद्यापीठाची डी. लिट्‌. (१९५३) या सन्मान्य. एकाच कोलंबिया विद्यापीठाने प्रथम त्यांच्या प्रबंधाची परीक्षा केली आणि पाव शतकानंतर त्यांच्या जीवनकार्यास मान दिला.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण याहून वेगळ्या कारणाने मननीय आहे. १९१६ साली त्यांनी स्थापिलेल्या महिला विद्यापीठास वैधानिक दर्जा मिळाला तो १९५१ मध्ये. तोवर तेथील पदव्यांमागे सरकारी मान्यतेचे बळ नव्हते. त्याच कर्व्यांना पुणे विद्यापीठाने १९५१ मध्ये डी. लिट्‌. आणि मुंबई विद्यापीठाने आपल्या शताब्दीच्या वर्षी, १९५७ मध्ये, एल्‌एल्‌. डी. देऊन गौरविले. चौकटीबाहेर झालेल्या कार्याची दखल प्रस्थापित विद्यापीठांनी घेतली, हे या पदव्यांचे खरे मूल्य.

हे मूल्य टिकविण्यासाठी दोन मर्यादा ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. पहिली कायद्याची. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ नुसार पदवी देण्याचा अधिकार केवळ अधिनियमान्वये स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना व संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. एखाद्या खासगी मंडळाने शुल्क घेऊन सभागृहात वाटलेली ‘मानद डॉक्टरेट’ ही पदवीच नव्हे. दुसरी मर्यादा संकेताची. सन्मान्य पदवी संशोधनाची अर्हता ठरत नाही. तिच्या बळावर अध्यापकपद किंवा मार्गदर्शकाचा अधिकार मागता येत नाही, आणि केवळ तिच्या आधारे नावामागे ‘डॉ.’ लावू नये, असा विद्वज्जगतातील शिष्टाचार आहे.

राज्यघटनेच्या १८ व्या अनुच्छेदाने राज्यसंस्थेस किताब देण्याची मनाई केली. अपवाद ठेवला तो लष्करी व विद्याविषयक सन्मानांचा. हा अपवाद विद्यापीठांवरील विश्वासाचा द्योतक आहे. सत्ता, संपत्ती किंवा देणगी यांच्याकडे पाहून दिलेली प्रत्येक पदवी त्या विश्वासास बाध आणते आणि भांडारकर-कर्व्यांना दिलेल्या पदव्यांचेही मोल उणे करते. अधिसभेत मत देणाऱ्या प्रत्येक सभासदाने हा विचार मनाशी बाळगणे आवश्यक आहे.