अंतर पक्ष्याने ठरवावे

पनवेल सोडून पेणच्या वाटेला लागलेला मुंबई-गोवा महामार्ग शिरढोण मागे टाकून कर्नाळ्याच्या खिंडीकडे वळतो, तेव्हा अंगठ्यासारखा आभाळात उभा राहिलेला किल्ल्याचा सुळका प्रथम नजरेस पडतो; परंतु त्याच्या पायथ्याशी पसरलेल्या ज्या रानाला १९६८ साली पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला, ते रान मात्र आत शिरल्यावाचून आपली ओळख देत नाही. आरंभी जेमतेम साडेचार चौरस किलोमीटर असलेले हे क्षेत्र २००३ साली वाढून सुमारे बारा चौरस किलोमीटर झाले. पनवेलहून सकाळची एस.टी. धरावी, फाटकावर प्लास्टिकच्या जिनसांची नोंद करून अनामत भरावी आणि दिवेलागणीच्या आत घरी परतावे, एवढ्या बेताची ही सहल असल्यामुळे, नवा कॅमेरा गळ्यात अडकवून पक्ष्यांची जवळून छायाचित्रे घेण्याच्या आकांक्षेने निघालेल्या पुष्कळांची पावले प्रथम इकडेच वळतात.

जवळून छायाचित्र घेणे म्हणजे पक्ष्याच्या जवळ जाणे, अशी या मंडळींची समजूत असते. माझीही ती अनेक वर्षे होती. वस्तुतः ज्याच्या मागे आपण चार पावले टाकतो तो पक्षी चार झाडे पलीकडे जातो; उलट मळकट हिरव्या वस्त्रांत, सूर्य पाठीशी घेऊन, ओढ्याकाठच्या एखाद्या खडकाला टेकून तासभर निश्चल बसणाऱ्या माणसाची भीती रानातून हळूहळू ओसरते. प्रथम सातभाईंचा कलकलाट शमतो, मग शेपटीचा पंखा उघडमीट करीत नाचण हाताच्या अंतरावर येऊन जातो, आणि नशीब असेल तर शीळकरी कस्तूर समोरच्या दगडावर उतरून मनसोक्त स्नान करतो. विलायतेतील रिचर्ड आणि चेरी कर्टन या बंधूंनी तर १९०० साली बैलाचे कातडे सांगाड्यावर चढवून, त्या पोकळ बैलाच्या पोटात कॅमेऱ्यासह बसून पक्षी टिपले होते. आजचे कापडी लपण त्याच कुळातले आहे.

यंत्राची बाजू थोडक्यात सांगतो. चारशे मिलिमीटरच्या भिंगाने, ५.६ इतके छिद्र ठेवून, पाच मीटरांवरच्या पक्ष्याचे चित्र घेतले, तर सुस्पष्ट उमटणारा पट्टा जेमतेम पाच सेंटिमीटर खोलीचा असतो. म्हणून नेम नेहमी डोळ्यावर धरावा. डोळा स्वच्छ आला तर अंधुक शेपूट खपून जाते, उलट झाले तर सारे चित्र वाया जाते.

पण कर्नाळ्याचे खरे वैभव, आणि माझ्या चिंतेचा खरा विषय, पावसाळ्यात येतो. तिबोटी खंड्या हा उण्यापुऱ्या तेरा सेंटिमीटरांचा, पायांना तीनच बोटे असलेला, प्रवाळासारख्या तांबड्या चोचीचा, पिवळ्याजर्द पोटाचा आणि मस्तकावर जांभळी झाक मिरविणारा पक्षी मोसमी पावसाबरोबर कोकणच्या रानांत प्रकटतो, आणि ओढ्याच्या वा पायवाटेच्या कडेला मातीच्या दरडीत बीळ कोरून त्यात संसार मांडतो. रायगडने त्याला आपला जिल्हा पक्षी म्हणून मान दिला आहे. बिळाचे तोंड ठाऊक झाले की पक्षी तिथे येणार हे निश्चित असते, आणि याच निश्चितीपायी श्रावणातल्या एखाद्या रविवारी एका बिळासमोर तिपायांची रांग लागते. चित्रात आड येणाऱ्या फांद्या छाटल्या जातात; मग त्याच उघड्या वाटेने घोरपडीचीही नजर तिथवर पोहोचते. पक्ष्याचा आवाज यंत्रावर वाजवून त्याला समोर आणणे हाही असाच जुलूम आहे, कारण आपल्या हद्दीत परका शिरल्याच्या समजुतीने तो पिलांचा घास सोडून धावून येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या केली, तीत पक्ष्यांच्या घरट्यांना उपद्रव देणेही अंतर्भूत आहे, हे प्रत्येक छायाचित्रकाराने मनात पक्के कोरून ठेवावे.

मी स्वतः त्या अपराधाच्या काठावर एकदा उभा राहिलो होतो. पाऊस नुकताच उघडला होता, पानांवरून थेंब गळत होते, आणि मी दरडीपासून सहा-सात मीटरांवर, आडोशाविना, कॅमेरा रोखून बसलो होतो. तिबोटी आला. चोचीत आडवी धरलेली सापसुरळी होती. तिची शेपटी अजून वळवळत होती. त्याने ती फांदीवर दोनदा आपटली, आणि मग तो नुसता बसून राहिला. मान खालीवर करी, शेपूट झटकी, बिळाकडे पाही आणि पुन्हा माझ्याकडे पाही. मी एकामागून एक छायाचित्रे घेत होतो, आणि अशी संधी पुन्हा यायची नाही या हर्षात दहा मिनिटे लोटली. इतका वेळ हा घास घेऊन का थांबला, हा प्रश्न मनात उभा राहिला तेव्हा त्याचे उत्तर मीच आहे हे उमगून माझे हात थंड पडले; बिळाच्या अंधारात उपाशी पिले होती आणि त्यांच्या दारात मी बसलो होतो.

तिपाई उचलली आणि पाठ न फिरविता मागे सरत सरत, वाटेच्या वळणापलीकडच्या एका जाड बुंध्याआड गेलो. तिथून दुर्बिणीतून पाहिले, तो फांदी रिकामी होती. क्षणभराने बिळातून एक निळी-नारिंगी रेघ बाहेर पडली आणि ओढ्याच्या दिशेने नाहीशी झाली; तिच्या चोचीत आता काही नव्हते.